मदत हवी आहे: 'गेममध्ये राजकारण नको' म्हणणाऱ्या मित्राला कोणता गेम द्यावा?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा एक मित्र शाळेपासून एकत्र गेम खेळतो. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच आमचं खरंखुरं भांडण झालं. आताशा मला राजकारण असलेले गेमच जास्त आवडतात, एवढंच मी म्हणालो, तर तो उखडला. "दिवसभर बातम्यांत तेच. निदान गेममध्ये तरी नको. मी डोकं शांत करायला खेळतो." आणि कॉल बंद.

त्याचं म्हणणं मला कळतं. पात्रांच्या तोंडून प्रवचन देणारे गेम मलाही नकोसे होतात. 'बायोशॉक'मधलं (२००७) समुद्राखालचं शहर माझं अतिशय लाडकं आहे, पण ते वसवणाऱ्या अँड्र्यू रायनच्या ध्वनिफिती सुरू झाल्या की माझं लक्ष उडायचं. मला ओढून घेतं ते नियमांत मुरलेलं राजकारण. १९८९च्या 'सिमसिटी'त एकही रस्ता न बांधता नुसत्या रेल्वेवर शहर चालवता येतं आणि वाहतूक कोंडी होतच नाही. २०१३च्या आवृत्तीच्या मुख्य डिझायनरने सांगितलं होतं, की खऱ्या शहरांइतके वाहनतळ दाखवले असते तर सगळीकडे तेच दिसले असते, म्हणून ते जमिनीखाली आहेत असं धरून टाकलं. या गेममध्ये कुणी भाषण करत नाही, पण शहर कुणासाठी असावं याबद्दलचं मत त्यात आहेच.

आम्ही दोघंही गॉडझिलाचे भक्त, म्हणून करमणुकीतही राजकारण असतंच हे पटवताना मी त्यालाच मध्ये आणलं. मार्च १९५४मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि एका जपानी मासेमारी नौकेवर किरणोत्सारी राख पडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पहिला गॉडझिला पडद्यावर आला, आणि त्याची सुरुवातच समुद्रात पेटून बुडणाऱ्या जहाजाने होते. साम्राज्य उभारायच्या 'सिव्हिलायझेशन' या गेममधल्या गांधींचंही उदाहरण दिलं: प्रोग्राममधल्या चुकीने त्यांची आक्रमकता १वरून २५५ झाली आणि ते अणुबॉम्ब टाकत सुटले. काही उपयोग झाला नाही.

शनिवारी संध्याकाळी तो माझ्याबरोबर बसायला तयार आहे. एकच गेम, एकच संधी. त्याचा लॅपटॉप साधा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. पहिल्या अर्ध्या तासात रंगला नाही तर तो उठेल. माझ्या मनात 'पेपर्स, प्लीज' आणि 'धिस वॉर ऑफ माईन' आहेत. दुसऱ्याने तो खचून जाईल अशी भीती वाटते. मला वाद जिंकायचा नाहीये, एवढं आवडतं ते त्याच्याबरोबर वाटून घ्यायचंय. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद १
डोळे झाकून 'पेपर्स, प्लीज'. लुकास पोपने २०१३मध्ये केलेला गेम, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतो. आणि मित्राला 'यात राजकारण आहे' हे अजिबात सांगू नका. 'कागदपत्रांतल्या चुका पकडायचा गेम आहे' म्हणा, ते खोटंही नाही. तुम्ही सीमेवरच्या खिडकीत बसलेले, पासपोर्टवरचा फोटो, मुदत, शिक्का तपासायचा. जितकी माणसं तपासाल तितके पैसे. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून दंड. घरी बायको, मुलगा, सासू आणि मामा. रात्री अन्न आणि ऊब यांत काय परवडतं ते ठरवायचं. रोज सकाळी नवा नियम येतो आणि हात आपोआप भराभर चालायला लागतात.

मग सुरुवातीच्याच दिवसांत एक नवरा येतो, त्याचे कागद चोख. मागोमाग त्याची बायको, तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. मी पहिल्या वेळी तिला परत पाठवलं, कारण त्या दिवशीच्या माझ्या माफीतल्या चुका आधीच संपल्या होत्या. खिडकीतून ती गेली आणि मी पुढच्याला हाक मारली. ते मला अजून आठवतं. तुमच्या मित्रासमोर ती येईल तेव्हा तुम्ही काहीही बोलू नका.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. कागद तपासणं हे कामच आहे, आणि दमून आलेल्या माणसाला पुन्हा काम दिलं तर तो चिडेल. मी 'धिस वॉर ऑफ माईन' (२०१४) सुचवेन. बोस्नियाच्या युद्धातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला, वॉर्सामधल्या स्टुडिओचा गेम, सैनिकांऐवजी अडकलेल्या नागरिकांचा. एका घरात म्हातारं जोडपं राहतं, त्यांचं अन्न आणि औषधं चोरता येतात, ते अडवू शकत नाहीत. चोरून परतलेलं पात्र पुढे खिन्न होऊन बसतं. २०२०मध्ये पोलंडच्या पंतप्रधानांनी शाळांच्या पूरक वाचनात हा गेम घेत असल्याचं जाहीर केलं, ते मला पटलं होतं.

पण मित्र डोकं शांत करायला खेळतो म्हणाला ना? तेही ऐका. पुढच्या शनिवारी त्याच्या आवडीचं खेळा, आणि हे त्याला आधीच सांगा.

प्रतिसाद ३
अवांतर: गांधींचा किस्सा चुकीचा आहे. 'सिव्हिलायझेशन'चा कर्ता सिड मायर याने २०२०च्या आत्मचरित्रात लिहिलंय की अशी चूक मूळ गेममध्ये नव्हतीच. पाचव्या भागात (२०१०) मात्र गांधींचा अण्वस्त्रांकडचा कल मुद्दाम चढा ठेवला, गंमत म्हणून. मित्राला हे तुम्हीच सांगा, त्याच्या बाजूचा एक मुद्दा मान्य केल्यासारखं होईल.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. गांधींबद्दल त्याला फोन करून सांगितलं, "बघ, म्हटलं होतं ना" म्हणाला, आणि आवाज जरा निवळला. पुढच्या शनिवारी त्याच्या पसंतीची मोटार शर्यत.

काल 'पेपर्स, प्लीज' घेऊन बसलो. मी गप्प राहिलो. ती बाई आली तेव्हा त्याने माउस सोडला, दोनदा तिचे कागद उलटसुलट पाहिले आणि हिरवा शिक्का मारला. पुढे काही बोलला नाही, खेळत राहिला. अडीच तास. आता अडचण अशी की दंड साचलेत, मुलगा आजारी आहे आणि औषधाला पैसे उरले नाहीत. तो रात्री एक वाजता मला विचारतोय की मागच्या एखाद्या दिवसापासून पुन्हा खेळता येतं का, की सगळं पहिल्यापासून? मला आठवत नाही. कृपया लवकर सांगा, तो जागा आहे.

प्रतिसाद १
येतं. प्रत्येक दिवसाची नोंद वेगळी राहते. सुरुवातीच्या पडद्यावरून हवा तो दिवस निवडायचा, तिथून नवी फांदी फुटते आणि जुनीही तशीच राहते. त्याला दोन-तीन दिवस मागे जायला सांगा, आणि ऊब एक रात्र आड घ्यायला सांगा.