अलॉय रिमवरचे ओरखडे: घरी काढावेत की हात लावू नये?

सारथी (धागाकर्ता)

गाडी लावताना चाक फुटपाथच्या कडेला घासलं की रिमच्या बाहेरच्या कडेवर पांढुरका, खरबरीत पट्टा उठतो. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो: 'घरी काही करू नका, नुकसान कराल.' मला हे पटत नाही. ओरखडा रंगापुरता किंवा धातूच्या अगदी वरच्या थरापुरता असेल तर तो घरीच काढावा, आणि लवकर काढावा.

लवकर का, ते सांगतो. रंगवलेल्या रिमवर प्राइमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर असे थर असतात. लॅकर एकदा तुटलं की ओल आणि मीठ त्या तुटक्या कडेतून आत शिरतं. ॲल्युमिनियम लोखंडासारखं तांबूस गंजत नाही, पण लॅकरखाली बारीक पांढरे, वळवळते धागे पसरत जातात आणि पुढे पापुद्रे सुटतात. म्हणजे दोन बोटांचा ओरखडा तसाच सोडला तर पुढे अख्खं चाक रंगवायची पाळी येते.

रीत साधी आहे. चाक थंड असताना साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट. रंग धरतच नाही. मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने वर आलेली धातूची धार उतरवा, नंतर ४००, आणि शेवटी पाणी लावून ८००. नजरेवर भरवसा ठेवू नका, डोळे मिटून नख फिरवा. नख अडकलं तर अजून घासायचं किंवा धातूची पुट्टी भरायची. रिम आणि टायरच्या फटीत खेळायचे जुने पत्ते एकावर एक सरकवून खोचत जा, टायरवर रंग उडत नाही. मग प्राइमर, रंग, लॅकर, सगळे पातळ हात. जाड हात मारला की ओघळ आलाच.

टूथपेस्ट, नेलपॉलिश, चंदेरी मार्कर हे मात्र उपाय नव्हेत. त्यांनी ओरखडा काही दिवस झाकला जातो, लॅकरची तुटकी कड उघडीच राहते.

लेथवाला

एक मोठी गोष्ट सुटली. आजकाल बऱ्याच गाड्यांना डायमंड कट रिम येतात. त्यांचा दर्शनी भाग रंगवलेला नसतो. लेथवर कापलेला नागडा धातू आणि त्यावर फक्त लॅकर. तिरप्या उजेडात बघा, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा दिसतील. त्यावर पॉलिश पेपर फिरवला की त्या रेषा गेल्या, आणि हाताने त्या परत येत नाहीत. मग लेथशिवाय गत्यंतर नाही. लेथवरही दर वेळी थोडा धातू जातो, त्यामुळे हे हवं तितक्या वेळा करता येत नाही. म्हणून 'घरीच काढावा' असं सरसकट सांगू नका.

सारथी

मान्य. मी लिहिलंय ते रंगवलेल्या रिमबद्दलच. रेषा दिसल्या तर पेपर खाली ठेवा.

मागची सीट

माझा विरोध सौंदर्यावरून नाही, सुरक्षेवरून आहे. जो धक्का बाहेरची कड खरवडतो तोच आतल्या बाजूला तडा पाडू शकतो. बाहेर पुट्टी आणि रंग चढवला की धक्का बसल्याची खूणच पुसली जाते. मालकाला समाधान वाटतं, आणि पुढे गाडी विकत घेणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही. आमच्यासारखे मागे बसणारे तर कुठल्याच हिशेबात नसतात. जाणत्या माणसाला चाक दाखवल्याशिवाय रंगाचा डबा उघडूच नये.

सारथी

तपासणी आधी, हे शंभर टक्के खरं. पण हा मुद्दा तपासणीच्या बाजूचा आहे, घरच्या कामाच्या विरोधातला नाही. चाक खोलून आतला भाग स्वच्छ धुवा, उजेडात फिरवत बघा. टायर जिथे रिमला टेकतो तिथे साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर हवा गळते आहे. वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, कड चेपली असेल, केसाएवढाही तडा दिसला, तर घरचं काम तिथेच संपलं.

आणि बाहेर दिलं म्हणजे चाक सुरक्षित झालं, असंही नाही. बहुतेक ओतीव रिम ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या असतात आणि उष्णतेची प्रक्रिया देऊन त्यांना ताकद आणलेली असते. वाकलेली कड कोणी गॅसच्या ज्योतीवर बेसुमार तापवून ठोकली तर ती ताकद त्या जागी कमी होते, आणि वरच्या झकास रंगाखाली ते दिसतही नाही. खूण पुसली जाण्याची भीती तिथे जास्त आहे.

काचकागद

एवढा घाट कशाला? चाक गाडीवरच ठेवून, आजूबाजूला वर्तमानपत्र लावून स्प्रे मारला तरी काम होतं. छोट्या ओरखड्यासाठी जॅक लावणं मला तरी जास्तच वाटतं.

पानापेटी

काचकागद, नाही होत. आरे असलेल्या रिममधून स्प्रेचे कण सरळ डिस्कवर आणि ब्रेकपॅडवर जाऊन बसतात. चाक काढाच, आणि काढल्यावर दोन जागा टेपने पक्क्या झाका: नट बसतात त्या खाचा आणि हबला (चाक गाडीवर जिथे बसतं त्या मधल्या भागाला) टेकणारा मागचा सपाट भाग. तिथे रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो, झिजतो आणि आवळलेले नट सैल पडतात. चाक परत बसवताना नट समोरासमोरचे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळा, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

सारथी, तुमच्या रीतीतही एक उणीव आहे. नुसतं 'प्राइमर' म्हणून भागत नाही. उघड्या धातूला एच (etch) प्राइमर, म्हणजे धातू किंचित कोरून पकड घेणारा, चांगला, पण त्यात आम्ल असतं, म्हणून पॉलिएस्टर पुट्टीवर तो मारत नाहीत. पुट्टी भरली असेल तर इपॉक्सी प्राइमर घ्या, नाहीतर फुगे आणि पापुद्रे. आणि दोन भाग मिसळून वापरायचं टूके लॅकर टिकाऊ असलं तरी त्याच्या हार्डनरमध्ये (लॅकर कडक करणाऱ्या भागात) आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कने ते अडत नाही आणि त्याने दमा जडू शकतो. घरी एकाच डब्यातलं साधं लॅकर वापरा. थोडं कमी टिकेल, चालेल.

मागची सीट

तपासणीबद्दल सारथी बोलले ते बरं झालं. तरी पुट्टीला माझा विरोध कायम आहे. घासून जेवढं सपाट होईल तेवढंच करा. खोल खड्डा पडला असेल तर तो भरून लपवू नका. कडेवर पुट्टी टिकत नाही, पुढच्या घासण्याला निघून येते.

सारथी

पुन्हा घासलं तर निघेल, हे खरं. पण उथळ खाचेतली पुट्टी मी चुकीची मानत नाही; तिचं वजन दोन-चार ग्रॅम, आणि शंका असेल तर चाकाचं बॅलन्सिंग करून घेता येतं. टायर टेकतो त्या आतल्या कडेला मात्र पुट्टीचा ठिपकाही नको, तिथे तुमच्याशी पूर्ण सहमत. एच प्राइमरची दुरुस्ती मी वरच्या रीतीत धरतो: पुट्टी असेल तर इपॉक्सी, नसेल तर एच. लॅकर मारल्यावर निदान एक दिवस चाक हलवू नका, आणि पहिले काही आठवडे आम्लाचं व्हील क्लीनर लावू नका. साधा साबण पुरतो.