डिस्क गोल्फ: पिशवीत किती डिस्क ठेवाव्यात?

डोंगरउतार:
डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिस्बीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत टोपलीत पोचवायचा खेळ. पण नवी माणसं पहिल्याच महिन्यात वीस-वीस डिस्क खांद्यावर घेऊन येतात, ते बघून वाईट वाटतं. एक डिस्क साधारण १७५ ग्रॅमची, म्हणजे साडेतीन किलो नुसतं प्लास्टिक! माझं मत ठाम आहे: पहिलं वर्षभर चारच. टोपलीजवळच्या फेकीला एव्हिअर पुटर, मधल्या अंतराला बझ मिडरेंज, लांब फेकीला लेपर्ड फेअरवे ड्रायव्हर आणि वाऱ्यासाठी फायरबर्ड. गोल्फमध्ये १४ क्लबांच्या वर नेता येत नाहीत. इथे तशी मर्यादाच नाही, म्हणून आपली आपणच घालून घ्यायची. मी सुरुवातीलाच १२ स्पीडचा, म्हणजे खूप जोरात फेकला तरच नीट उडणारा, डिस्ट्रॉयर घेतला होता. हातात तेवढा वेग नव्हता, त्यामुळे उजव्या हाताची प्रत्येक बॅकहँड फेक डावीकडे वळून पडायची. वाटलं, डिस्कच चुकीची. दुसरी घेतली, मग तिसरी. सहा महिने असे गेले. लेपर्ड हातात आली तेव्हा कुठे कळलं की चूक फेकीत आहे.

सांताक्रूझवाली:
फेकीचं पटलं, चारचं नाही. सांताक्रूझच्या डेलाव्हिएगा कोर्सवर मी असाच हिशेब करून गेले होते. ड्रायव्हर सुरुवातीलाच घळीत, अंगाला लागली की पुरळ आणणाऱ्या पॉयझन ओकच्या झुडपांत गेली. कोण हात घालणार तिथे? पुढचा अख्खा राऊंड मिडरेंजवर काढला, आणि २७व्या होलला, ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ला पोचले तेव्हा समोर तो लांबच लांब उतार आणि हातात लांब जाणारी एकही डिस्क नाही. अजून हळहळ वाटते.
शिवाय डिस्क झाडांवर आपटून झिजते. नवी असताना डावीकडे ओढणारी वर्षभरानं सरळ जायला लागते, आणखी जुनी झाली की उजवीकडे कलते. एकाच मोल्डच्या, म्हणजे एकाच साच्यातल्या, तीन वयाच्या डिस्क म्हणजे तीन वेगळी हत्यारं. तुमच्या चारात हे बसत नाही.

एकचपुटर:
मला तर चारही जास्त वाटतात. १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिला कायमचा कोर्स झाला तेव्हा लोक साध्या फ्रिस्बीच फेकत होते. निमुळत्या धारेची डिस्क आली १९८३ला. सॅन डिएगोच्या मॉर्ली फील्डवर बरेच होल आखूड आहेत, तिथे मी मुलीला एकच पुटर देते. हलका, दीडशे ग्रॅमचा. कुठली डिस्क काढू हा प्रश्नच तिला पडत नाही, म्हणून ती नुसती फेकते. मनगट किती सुटं झालंय तिचं!

डोंगरउतार:
ताई, आखूड होलला तुमचं खरं आहे. पण समोरून वारा आला की हलका पुटर उलटतो, तिथे फायरबर्ड लागतेच.
सांताक्रूझवाली, हरवण्याचा मुद्दा मान्य. पाच करतो. पण पाचवीही लेपर्डच, त्याच वजनाची आणि पाचोळ्यात उठून दिसेल अशी भडक गुलाबी. झिजलेल्या डिस्कचं गणित दुसऱ्या वर्षी. ज्याची फेक रोज वेगळी पडते, त्याला डिस्क बदलली की हात बदलला हे कळणार कसं?

सांताक्रूझवाली:
हे मात्र पटलं. आणि दुसरा पुटर? तो तर प्रत्येक होलला लागतो, तो गेला तर? मी सहावर अडून आहे.