जावातल्या भातशेतीच्या खेड्यात तीन महिने राहायचंय, तिथलं जगणं कसं असतंय?

नंदगडचा_पोरगा:
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातला, नंदगडच्या बाजूचा, कृषीचं शिकालोय. कॉलेजकडनं तीन महिन्यांसाठी इंडोनेशियाला जायचं ठरलंय, जावा बेटावर क्लातेन जिल्ह्यातलं खेडं, शेतकऱ्याच्याच घरात राहायचं. नेटवर बघितलं की सगळे बालीचे फोटो, हॉटेल आणि समुद्र, मला ते नको, खेड्यातलं पायजे. घर कसं, पाणी, संडास, दवाखाना, माणसाकडं जमीन किती आणि तेवढ्यावर पोट भरतंय का. आमची साडेतीन एकर हाय, इंद्रायणी लावतोय, पावसाचं एकच पीक, बाकीचं बाबा काजू आणि दुधावर ओढतेत. आई घाबरालीय, म्हणतीय तू मटण-मासळी खात न्हाईस, तिथं काय खाशील आणि आजारी पडलास तर कोण बघणार. कुणी राहून आलेलं असेल तर खरं ते सांगा.

वडगावचे_आप्पा:
बाळा, आईला पहिलं सांग घाबरायचं कारण न्हाई. मी 11 वर्षं पश्चिम जावात सूतगिरणीत होतो. हाताखालच्या एका फिटरचं गाव क्लातेनजवळ, ईदेच्या सुट्टीला तो मला ओढून न्यायचाच. त्या सणाला ते लेबारान म्हणतेत, आणि गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावाकडं येतेत ना तसं अख्खं जावा त्या आठवड्यात गावाकडं पळतंय.

घरं आता बहुतेक पक्की, वर कौलं, पुढचं अंगण सकाळ-संध्याकाळ लख्ख झाडलेलं. न्हाणीत एक हौद आणि दांड्याचा मग असतोय, गायुंग म्हणतेत त्याला. हौदात उतरायचं न्हाई, मगानं पाणी अंगावर वतायचं, आपल्यासारखंच. संडास पण बसायचाच. मागच्या बाजूला चूल अजून दिसतीय पण रोजचा स्वैपाक 3 किलोच्या हिरव्या सिलिंडरवर, त्याला सगळे मेलन म्हणतेत, हिरव्या खरबुजासारखा दिसतोय म्हणून. पाणी उकळलेलं किंवा मोठ्या कॅनमधलंच पी.

खाण्याची अडचण खरी हाय. तीन टाइम भात, भाकरी-चपाती विसर. पण तेंपे म्हणून सोयाबीन आंबवून केलेली वडी असतीय, ती तळून रोज पानात असतीय, पोटभरीची आणि स्वस्त. पालेभाज्या मुबलक. पेचेल म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगाचटणी, आपल्यापेक्षा पातळ आणि गोडसर. जपायचं ते सांबलला, म्हणजे त्यांच्या मिरचीच्या ठेच्याला, कारण त्यात तेरासी घालतेत, ती आंबवलेल्या कोळंबीची असतीय. मांस नको म्हटलं तर ते फक्त मांसच काढतेत, म्हणून पहिल्याच दिवशी तेरासी नको, एबी म्हणजे सुकी कोळंबी पण नको, असं नाव घेऊन सांग. घरवाली मनावर घेते मग, माझ्यासाठी त्या माउलीनं ठेचा वेगळा वाटला होता दरवेळी.

पोचल्या दिवशी आरटीकडं नाव सांगायचं. आरटी म्हणजे आपल्या गल्लीचा पंच समज. पाहुणा आला की 24 तासांत कळवायचं असा बोर्डच असतोय गल्लीच्या तोंडाला. मोठ्या माणसाला पाक, बाईला बू, तुझ्या वयाच्याला मास, अक्काला म्बा म्हणायचं, नुसतं नाव घेऊन हाक मारू नको.

अंधार सहाच्या सुमाराला पडतोय, बाराही महिने. मग गल्लीतले बाप्ये पाळीनं गस्त घालतेत. घरापुढं एक छोटी डबी टांगलेली असतीय, तिच्यात घरवाली रोज चिमूटभर तांदूळ टाकतीय, गस्तवाले ते गोळा करतेत आणि विकून गल्लीच्या कामाला लावतेत, कुठं कुठं आता तांदळाऐवजी नाणी टाकतेत. जिंपितान म्हणतेत त्याला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमची आजी डोळ्यापुढं आली, ती दळणातलं मूठभर पीठ रोज दिंडीसाठी बाजूला काढायची.

अनगोळची_अक्का:
आप्पांनी घरातलं सांगितलं, मी शिवारातलं सांगते. 2016 ला संशोधनासाठी त्याच भागात आठ महिने राहिलेय.

तुझी साडेतीन एकर तिथं कुणाला सांगितलीस तर मोठा जमीनदार समजतील तुला. अर्ध्या हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याला गुरेम म्हणतात आणि जावात बहुसंख्य तसलेच. मी ज्या घरात होते त्यांची स्वतःची आठ गुंठे आणि दुसऱ्याची पंधरा गुंठे मारोनं, म्हणजे अर्धेलीनं. पाणी मात्र बारमाही, मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याला मोठमोठे झरे आहेत, त्यामुळं वर्षाला तीनदा भात. एका वाफ्यात लावण चाललीय आणि शेजारच्यात कापणी, हे बघून पहिले दोन दिवस मला महिना कुठला तेच कळेना. पण जमिनीला उसंत नाही म्हटल्यावर तपकिरी तुडतुडा ही भाताची कीड पण हटत नाही, त्याला ते वेरेंग म्हणतात. हे दुखणं जुनं आहे. 1984 ला देश तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि दोनच वर्षांत तुडतुडा इतका माजला की 1986 ला सरकारनं भातावरची 57 कीटकनाशकं बंद केली, कारण औषधानं तुडतुड्याला खाणारे कोळीच आधी मरत होते. 1989 पासून मग बांधावर बसून कीड ओळखायला शिकवणारे वर्ग सुरू झाले. तू कृषीचा आहेस तर म्हाताऱ्या माणसांना त्या वर्गांबद्दल नक्की विचार, फार आवडीनं सांगतात.

मला सगळ्यात जास्त लागलं ते कापणीचं. पूर्वी कापणीला गावातल्या बायका यायच्या आणि कापलेल्यातला वाटा घरी न्यायच्या, त्याला बावोन म्हणतात, बिनजमिनीच्या घरातला भात त्याच्यावरच शिजायचा. आता पुष्कळ शेतकरी उभं पीकच व्यापाऱ्याला देऊन टाकतात, आपल्याकडं आंब्याची झाडं मोहोरावर देतात तसं, आणि व्यापारी आपली टोळी किंवा मशीन आणतो. शेतकऱ्याला हातात रोकड लागते हे खरं, पण त्या बायकांनी जायचं कुठं? माझ्या घरमालकिणीची धाकटी बहीण हाँगकाँगला घरकामाला, पोरगं आजीकडं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा आणि ते तीन वर्षांचं पोरगं आई दिसली की आजीच्या पदरात तोंड लपवायचं. अशी घरं त्या गल्लीत एक नाही, चार होती. बायकांची भिशी पण चालते तिथं, आरिसान म्हणतात, तिच्यात हाँगकाँगचा पैसा फिरतो.

दवाखान्याची काळजी नको. गावागावात बिदान म्हणजे दाईचं शिक्षण घेतलेली नर्स असते, मोठ्या गावात सरकारी पुस्केसमास. महिन्यातनं एकदा पोरांची वजनं करायला पोस्यांडू भरतं, आपल्या अंगणवाडीसारखं, गावातल्याच बायका चालवतात.

येळ्ळूरचा_शिवार:
अक्का, दोन गोष्टी सांगा. आमच्याकडं बासमती नावाला उरलीय, उंच वाढतीय, लोळतीय, लोक दुसरं लावालेत. तिकडं जुनं वासाचं भात हाय का? आणि उंदरांचं काय करतेत?

अनगोळची_अक्का:
दादा, क्लातेनचंच देलांगू हे गाव रोजोलेले भातासाठी प्रसिद्ध आहे, वासाचं, आणि दुखणं अगदी तुमच्या बासमतीचं, उंच आणि पाच महिने खाणारं, म्हणून लोकांनी सोडलं. मग त्यांच्या अणुऊर्जा खात्यानं बियाण्यावर किरणं मारून त्याच रोजोलेलेचं बुटकं, लवकर येणारं वाण तयार केलं. आपल्या बासमतीसाठी कुणी एवढं करावं असं फार वाटतं.

उंदरांसाठी देमाक जिल्ह्यातल्या त्लोगोवेरू गावानं शिवारात खांबांवर गव्हाणी घुबडांची घरं बांधलीत, घुबड उंदीर खातं. पण काही जिल्ह्यांत, स्रागेनकडं वगैरे, शेताभोवती करंट सोडलेली तार लावतात आणि त्यात माणसं मेलीत. नंदगडच्या पोरा, हे तुझ्यासाठी पण, रात्री बांधावरनं एकटा फिरू नको. आपल्याकडं उसाला डुकरासाठी तार लावतात, त्यानं काय होतं ते तुला माहिताय.

नंदगडचा_पोरगा:
अक्का, आप्पा, लय उपकार झाले. आईला सगळं वाचून दाखवलं. जिंपितानचं ऐकून ती गप्पच बसली, मग म्हणाली त्या बाईसाठी काहीतरी घेऊन जा. इंद्रायणीचं बी नेऊ का थोडं? त्यांना लावून बघू दे.

वडगावचे_आप्पा:
बियाणं अजिबात नको रे, विमानतळावर क्वारंटाइनवाले काढून घेतेत. कुंदा टिकणार न्हाई. गोकाकचा करदंट, म्हणजे गुळातली डिंक-सुक्यामेव्याची वडी, ने, दोन किलो. त्यांना नारळाच्या गुळाची सवय हाय, आवडीनं खातील.