‘क्षमताबांधणी’ म्हणजे नेमकं काय बांधायचं?

प्रश्न : दक्षिण आशियातल्या घरबसल्या काम करणाऱ्या कारागीर बायकांवरचा एक अहवाल मराठीत आणते आहे. शीर्षक केलं, ‘शाश्वत विकास व दारिद्र्य निर्मूलनासाठी प्रादेशिक सहकार्यातून क्षमताबांधणी’. आमच्या बचत गटात वाचून दाखवलं, तर एकीने विचारलं, “ताई, बांधकामाचं काही आहे का?” ‘कपॅसिटी बिल्डिंग’साठी ‘क्षमताबांधणी’ऐवजी दुसरा शब्द सुचवाल? (खालची उत्तरं वेगवेगळ्या जणांची आहेत.)

– शासन निर्णयांत आणि प्रशिक्षणाच्या पत्रकांत ‘क्षमता बांधणी’ पक्का रुळलाय, तो चुकीचाही नाही. पक्षबांधणी, मोर्चेबांधणी, पुस्तकबांधणी यांत सुटं असलेलं एकत्र आणणं हाच अर्थ आहे. ‘क्षमता निर्माण’ मात्र हिंदीतून उचललेला वाटतो, तो टाळा.

– मला ‘बांधणी’ इथे खटकतेच. मोकळ्या प्लॉटवर इमारत उभी करावी, तसं बाहेरच्याने येऊन क्षमता उभी करायची, असा भास होतो. तुमच्या अहवालाचा विषय पाहा. अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेने शेजारी देशांतल्या घरबसल्या काम करणाऱ्या बायकांना संघटित करायला मदत केली आणि ‘सार्क’ या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या विकास निधीतून नेपाळ, भूतान, पाकिस्तानात ‘सबाह’ नावाच्या संस्था उभ्या राहिल्या. या बायकांना विणकाम, भरतकाम कुणी शिकवायची गरज नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचा हात बसलेला. उणीव होती ती मापाची, एकसारख्या दर्जाची, हिशेबाची आणि थेट बाजाराची. म्हणून ‘क्षमतावर्धन’. जे आहे तेच वाढतं, हे ‘वर्धन’ कबूल करतं. ‘बांधणी’ करत नाही. बोलीत तर ‘कुवत वाढवणे’ सरळ आहे.

‘क्षमता’ ज्या ‘क्षम्’ धातूतून आली, त्याचा अर्थ सहन करणे, सोसणे. ‘क्षमा’ तिथलीच, आणि संस्कृतात पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. सोसायची ताकद या बायकांकडे आधीच होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

– शेजाऱ्यांचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. नेपाळीत ‘क्षमता अभिवृद्धि’, बांगलादेशात ‘सक्षमता वृद्धी’; दोन्हीकडे वाढच आहे. शाश्वत विकासाला नेपाळी ‘दिगो विकास’ म्हणतात आणि बंगाली ‘टेकसई उन्नयन’. त्या ‘टेकसई’त आपलं ‘टिकणं’ ऐकू येतं. ‘शाश्वत’ म्हणजे कायमचं, अविनाशी. इथे म्हणायचंय एवढंच की उद्याही टिकेल.

गरिबीबाबत मात्र अर्थाचा फरक मोठा आहे. ‘निर्मूलन’ म्हणजे मुळासकट उपटणं. मूळ मजकुरात गरिबी ‘कमी करणे’ असेल, तर ‘निर्मूलन’ लिहून आपण न दिलेलं आश्वासन देतो. बंगालीत ‘दारिद्र्य बिमोचन’ म्हणतात, म्हणजे दारिद्र्यातून सुटका. तो शब्द माणसाच्या बाजूने बोलतो.

– ‘प्रादेशिक’ही बदला. आपल्याकडे प्रादेशिक म्हटलं की प्रादेशिक पक्ष किंवा प्रादेशिक परिवहन कार्यालय डोळ्यांपुढे येतं, देशांचा समूह नाही. ८ डिसेंबर १९८५ला ढाक्यात सात देशांनी सार्क स्थापन केली (अफगाणिस्तान २००७मध्ये आला), तिच्या सनदेत ‘सामूहिक स्वावलंबन’ हे एक उद्दिष्ट आहे. हे दोन शब्द कुठल्याही बचत गटाला समजतील. आणि ‘सहकार्य’चं ‘सहकार’ होऊ देऊ नका, नाहीतर साखर कारखाना आठवेल.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. आता शीर्षक असं केलंय : ‘शेजारी देशांच्या साथीने कुवत वाढवू, गरिबी कमी करू’. खाली बारीक अक्षरांत ‘टिकणाऱ्या विकासासाठी क्षमतावर्धन’. आणखी एक अडचण आहे. पहिल्याच परिच्छेदात ‘लाभार्थी’ चार वेळा आलंय.

– चारही ठिकाणी ‘कारागीर’ लिहा. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात अफगाण बायका सौरदिवे जोडायला, दुरुस्त करायला शिकल्या आणि परत जाऊन त्यांनी गावं उजळली. त्यांना लाभार्थी म्हणवेल का? तशाच तुमच्या या बायका.