मुंबई दाखवायची ती फोर्टपासून की परळपासून?

पूर्वमुंबईकर :
बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना मुंबई कुठून दाखवायची, हे आपल्याकडे जणू ठरूनच गेले आहे. गेटवे, ताज, वस्तुसंग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि पायांत बळ उरले असेल तर संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. माझे स्पष्ट मत असे आहे की हा क्रम मोडायला हवा. दोन दिवस हाताशी असतील, तर पहिला दिवस कान्हेरीची लेणी, परळ आणि भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय यांना द्यावा आणि फोर्ट दुसऱ्या दिवशी दाखवावा.

फोर्टपासून सुरुवात केली, की पाहुण्याच्या लेखी शहराचा आरंभच १८६०च्या आसपास होतो. त्याआधी इथे सात बेटे, थोडे कोळी आणि पुष्कळ चिखल होता, एवढीच समजूत घेऊन तो परत जातो. वास्तविक बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत आणि भिक्षूंची ही वसाहत जवळजवळ हजार वर्षे नांदती होती. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापुढच्या (प्रार्थनेच्या लेण्यापुढच्या) दोन प्रचंड बुद्धमूर्तींसमोर सगळेच थांबतात; मी मात्र पाहुण्यांना आधी लेण्यांबाहेरची, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि पावसाचे पाणी त्यांच्याकडे वळवणाऱ्या पन्हळी दाखवतो, कारण एवढी माणसे त्या डोंगरावर बारा महिने कशी राहिली असतील, याचे उत्तर तिथे मिळते.

परळच्या बारादेवी मंदिरातील शिवमूर्ती तर कित्येक परळकरांनीही पाहिलेली नसते. १९३१ मध्ये रस्त्याचे काम चालू असताना ती सापडली. साधारण साडेतीन मीटर उंचीच्या एकाच शिळेत मधल्या शिवाच्या अंगातून वर एक, त्याच्याही वर एक आणि दोन्ही बाजूंना आणखी आकृती उमलत जातात, आणि पायथ्याशी गण वाद्ये वाजवत बसले आहेत. ही मूर्ती सहाव्या शतकाच्या सुमारास घडवलेली, म्हणजे घारापुरी बेटावरच्या (एलिफंटा) लेण्यांच्या काळातली. ज्या गिरणगावाला, म्हणजे परळ-लालबागच्या कापडगिरण्यांच्या भागाला, आपण फक्त भोंग्यांसाठी आणि चाळींसाठी ओळखतो, त्याच्या पोटात हे आहे. एवढे दाखवल्यावर खुशाल गेटवेला न्यावे.

बुरूजबंद :
आपला हेतू चांगला आहे, परंतु त्यामागे ‘फोर्ट म्हणजे इंग्रजांची मुंबई’ असे जे गृहीत धरलेले दिसते, ते मला मुळीच मान्य नाही. किल्ल्याची तटबंदी पाडली गेली ती १८६०च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. राजाबाई टॉवरचा आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांचा असला, तरी पैसा प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याचा आहे आणि नाव त्यांच्या आईचे आहे. फोर्टमधल्या दगडांत वऱ्हाड-खानदेशातल्या कापूस पिकवणाऱ्याचाही वाटा आहे, ही गोष्ट पाहुण्याला तिथे उभे राहूनच सांगता येते.

टर्मिनसचेच पाहा. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आराखडा केला, १८७८ मध्ये काम सुरू होऊन १८८८ मध्ये ते पूर्ण झाले, एवढे गाइड सांगतो. त्यावरचे पुष्कळसे कोरीवकाम जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे, हे तो क्वचितच सांगतो. दर्शनी फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसवला आहे. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. लोकल पकडण्याच्या घाईत आपण त्या दोघांच्या खालून आयुष्यभर जातो आणि मान वर करत नाही.

शिवाय, गिरणगावातला माणूस फोर्टात दिसत नाही, असे कोणी म्हटले? फ्लोरा फाउंटनचे कारंजे १८६४चे आहे. त्याच चौकात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्यांवर गोळीबार झाला, आणि आज तिथल्या हुतात्मा स्मारकावर शेतकरी आणि कामगार मशाल घेऊन उभे आहेत. हे सगळे शंभर पावलांत पाहता येते. त्यासाठी पाहुण्याला अर्धा दिवस गर्दीत घुसळून काढण्याची गरज नाही.

सोमवारची सुट्टी :
वादात पडत नाही, पण व्यवहाराचे दोन शब्द सांगतो. कान्हेरी आणि घारापुरी सोमवारी बंद असतात, भायखळ्याचे संग्रहालय बुधवारी. कान्हेरीची लेणी उद्यानाच्या फाटकापासून काही किलोमीटर आत आहेत आणि तिथे पोहोचल्यावरही चढण संपत नाही. सोबत सत्तरीचे आईवडील असतील, तर ‘आधी इतिहास, मग गेटवे’ हे तत्त्व दुपारी बाराच्या उन्हात टिकत नाही. त्यांना ओव्हल मैदानाच्या कडेला बसवावे: एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकातल्या गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने ९४ इमारतींचा हा समूह जागतिक वारशाच्या यादीत घेतला. एका जागी बसून इतके पाहण्याची सोय या शहरात दुसरीकडे नाही.

तिसरा माळा :
मी लालबागच्या चाळीत वाढलो आणि आजही तिथेच राहतो. माझा आक्षेप दोघांनाही आहे, पण धागा काढणाऱ्या पूर्वमुंबईकरांना अधिक आहे. परळ-लालबाग ‘दाखवायचे’ म्हणजे नेमके काय? सुट्टीच्या दिवशी हल्ली कॅमेरे घेतलेले घोळके चाळीत शिरतात. सामाईक गॅलरीत कोणाची आई तांदूळ निवडत बसलेली असते, कोणाचे कपडे दोरीवर असतात, आणि ही मंडळी न विचारता फोटो काढून ‘किती छान जुने’ असे म्हणत जिना उतरतात. संडासासाठी रांग लावणाऱ्याला तो जुनेपणा छान वाटत नाही.

इथला इतिहास इमारतींतून दिसणारा राहिलेलाच नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक संपल्या. त्या जागांवर मॉल आणि टॉवर झाले, आणि कुठे एखादी चिमणी शोभेला ठेवली गेली. वरळीच्या बीडीडी चाळींच्या (इंग्रजी अमदानीत सरकारने बांधलेल्या चाळींच्या) जागीही इमारती उभ्या राहत आहेत, आणि तिथले रहिवासी त्याबद्दल हळहळत नाहीत. पाहुण्यांना आणायचेच असेल तर गणपतीत आणा. तेव्हा दारे आम्हीच उघडी ठेवतो. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून चालत आलेला उत्सव आहे. तिथे गेलात तर पाहुणा प्रेक्षक राहत नाही, त्याच्या हातावर प्रसाद पडतो.

पूर्वमुंबईकर :
तिसरा माळा, चाळींत घोळके न्यावेत असे मी कुठेही सुचवलेले नाही आणि सुचवणारही नाही. परळमध्ये मी मंदिराचे नाव घेतले, आणि तेही दर्शनाच्या वेळेतच, चपला बाहेर काढून. चाळींविषयी ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावे; मी त्याचा आग्रह धरतो तो यासाठीच. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूत मुंबईतल्या जातीजमातींच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. नुसत्या पगड्यांपुढेच माझे पाहुणे रेंगाळतात: कोणाची चक्रीदार, कोणाची उंच, आणि प्रत्येकीवरून माणूस कोण ते ओळखू येत असे. तिथे कोणाच्या घरात डोकावावे लागत नाही.

बुरूजबंद यांना एवढेच विचारतो, की पैसा आपला होता म्हणून क्रमाचा प्रश्न सुटतो का? गेटवेचेच घ्या. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आले तेव्हा तिथे तात्पुरता देखावाच होता; खरी कमान पूर्ण झाली १९२४ मध्ये, आणि १९४८ मध्ये शेवटची ब्रिटिश पलटण तिच्याखालून निघूनही गेली. म्हणजे राज्यकर्त्यांच्या उपयोगाला ती चोवीस वर्षेच आली. कान्हेरीच्या हजार वर्षांच्या आधी आपण या चोवीस वर्षांची कमान दाखवतो, आणि तिलाच मुंबईची ओळख म्हणतो. (जाता जाता: फोर्टमधल्या ‘काळा घोडा’ या भागाला ज्यावरून नाव पडले, तो मूळ पुतळाही आता तिथे नाही, भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. तोही भायखळ्याच्याच खात्यात धरावा.)

बुरूजबंद :
वर्षे मोजूनच क्रम लावायचा, तर घारापुरी आपण का गाळलीत? युनेस्कोच्या यादीत ती १९८७ मध्येच गेली, आणि तिथल्या सुमारे वीस फुटी त्रिमूर्तीपुढे आपले परळचे शिल्प ठेवून पाहिल्याशिवाय दोन्ही नीट कळत नाहीत. तिथे जाण्याची नेहमीची लाँच गेटवेच्याच धक्क्यावरून सुटते. म्हणजे इतके जुने पाहायला निघालेल्या माणसालाही ज्या कमानीवर आपला राग आहे, तिच्याखालूनच जावे लागते.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले, तो हलवताना तुटला, आणि पुढे जोडून भायखळ्याला, आपल्या आवडत्या संग्रहालयाच्या आवारात उभा केला गेला. तेव्हा सकाळी गेटवेवरून लाँच पकडावी, दुपारी परतून भायखळ्याला हत्ती आणि पगड्या पाहाव्यात, आणि उतरत्या उन्हात ओव्हलवर यावे. कान्हेरी दुसऱ्या दिवशी, सकाळी लवकर. आपल्याला हे फोर्टपासून सुरुवात केल्यासारखे वाटेल. माझी त्याला हरकत नाही.