मदत हवी आहे: लाइट गेली की डेटाबेसचं लॉक तसंच राहतं

काटापावती (पिंपळगाव बसवंत):
कांद्याच्या खळ्यावर वजनाच्या पावत्या काढणारं सॉफ्टवेअर लिहिलंय. एका वेळी एकाच प्रोसेसने लिहावं म्हणून डेटाबेसशेजारी लॉक फाइल बनवून तिच्यात पीआयडी (चालू प्रोसेसचा नंबर) टाकतो. लाइट गेली की ती फाइल तशीच राहते, आणि परत सुरू केलं की ‘डेटाबेस वापरात आहे’ म्हणून अडतं. बाहेर ट्रॅक्टरची रांग! विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालेल असं खात्रीचं लॉक सांगा. लवकर.

सातपूरवाला:
भाषा कोणती? फाइल त्याच मशीनवर आहे की नेटवर्कवरच्या शेअरवर?

जुनाजाणता:
पीआयडी जिवंत आहे का बघा, नसेल तर फाइल उडवा. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतंय.

सातपूरवाला:
रीबूटनंतर तोच नंबर भलत्याच प्रोसेसला मिळाला तर? शिवाय दोन प्रोसेसनी एकदम ‘लॉक शिळं आहे’ असं ठरवलं, तर एक दुसऱ्याचं ताजं लॉक उडवते. फाइल असण्या-नसण्यावर लॉक ठरवूच नका. फाइल कायम राहू द्या, लॉक कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून घ्या: त्यासाठीची फंक्शनं म्हणजे लिनक्सवर एफसीएनटीएल, विंडोजवर लॉकफाइलएक्स. प्रोसेस मेली की लॉक सुटतं. विंडोजवर सुटायला थोडा वेळ लागू शकतो, म्हणून सुरुवातीला काही सेकंद पुन्हा पुन्हा मागत राहा.

गोदाकाठ:
एफसीएनटीएल सुचवताय तर त्यातली खोच पण सांगा ना. त्याच प्रोसेसने ती फाइल दुसरीकडे उघडून बंद केली, की प्रोसेसची त्या फाइलवरची सगळी लॉकं सुटतात. बॅकअपच्या फंक्शनने फाइल उघडली, वाचली, बंद केली, की लॉक गेलं. एररही येत नाही. फ्लॉक घ्या, नाहीतर लिनक्स 3.15 पासूनची ओएफडी लॉकं; ही प्रोसेसला नाही, तर फाइल ज्या वेळी उघडली त्या उघडण्याला बांधलेली असतात.

द्राक्षबाग:
इन्व्हर्टर बसवा की राव. आमच्या पॅकहाउसला बसवल्यापासून कटकट संपली.

जुनाजाणता:
मुळात स्वतःचा डेटाबेस कशाला? एसक्यूलाइट घ्या, एका फाइलमध्ये राहणारा तयार डेटाबेस.

काटापावती:
इन्व्हर्टर विचारला नव्हता. सी++ आहे. फाइल ऑफिसच्या विंडोज मशीनवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आहे, काट्यावरचा लिनक्स पीसी तिथूनच उघडतो. त्याने काय फरक पडतो?

सातपूरवाला:
सगळाच फरक पडतो. विंडोजचं लॉक सक्तीचं असतं, लिनक्सचं ऐच्छिक, म्हणजे जो लॉक तपासतो त्यालाच अडवणारं. मधे शेअर आला की भरवसा नाही. एसक्यूलाइटसुद्धा वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या नोंदफाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर मागतं. ऑफिसच्या मशीनवर एकच सर्व्हर प्रोसेस फाइल उघडेल असं करा. काट्यावरच्या पीसीने तिच्याशी सॉकेटवरून, म्हणजे थेट नेटवर्क जोडणीवरून बोलावं. मग लॉक त्या मशीनपुरतंच लागेल.

काटापावती:
आणि नेटवर्क गेलं की पावत्या बंद?

गोदाकाठ:
काट्यावर स्थानिक रांगेत साठवा, नंतर पाठवा. प्रत्येक पावतीला काट्याचा वेगळा क्रमांक द्या, म्हणजे दोनदा चढणार नाही. पण लिहिता लिहिताच लाइट गेली तर? जर्नल, म्हणजे बदलाची आधी वेगळी नोंद, ठेवताय का?

काटापावती:
नाही.

गोदाकाठ:
मग लॉकच्या आधी ते करा. लॉक सुटलं तरी अर्धवट लिहिलेलं वजन तसंच राहील, आणि शेतकऱ्याला पैसे त्याच आकड्यावर मिळतील.