मदत हवी आहे : फुफ्फुसातील गळू, ताप उतरला तरी पोकळी भरलेली नाही

नमस्कार. माझे थोरले बंधू 58 वर्षांचे असून मधुमेही आहेत. दीड महिन्यापूर्वी रात्री साखर एकदम उतरल्याने ते बेशुद्ध झाले आणि त्याच अवस्थेत त्यांना उलटी झाली. पुढे दहा-बारा दिवसांनी हुडहुडी भरून ताप येऊ लागला, वजन उतरले आणि बेडक्याला इतकी दुर्गंधी येऊ लागली की खोलीत थांबणे अवघड झाले. घरात सर्वांना क्षयाचीच शंका आली, परंतु थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत क्षयाचे जंतू आढळले नाहीत.

एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसात सुमारे 5 सेंटीमीटरची पोकळी दिसली; तिच्यात खाली पू, वर हवा आणि दोहोंमध्ये आडवी रेषा होती. डॉक्टरांनी समजावले की उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि अधिक उभी असल्यामुळे ठसका लागून आत गेलेला पदार्थ बहुधा त्याच बाजूला उतरतो, आणि किडलेल्या दातांतले, सुजलेल्या हिरड्यांतले जंतू त्याच्याबरोबर जातात. भावाच्या दातांकडे आम्ही वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले, याचे आता फार वाईट वाटते.

दहा दिवस शिरेतून प्रतिजैविके दिली, आठव्या दिवशी ताप उतरला आणि आता गोळ्या चालू आहेत. चौथ्या आठवड्यातील एक्स-रेमध्ये पोकळी 3 सेंटीमीटरची आहे. ताप नाही, मग गोळ्या कशाला, असे नातेवाईक म्हणतात. पोकळी बुजेपर्यंत किंवा केवळ लहानसा व्रण उरेपर्यंत औषध थांबवायचे नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे आणि मला तेच पटते. नळी घालून पू काढणे किंवा शस्त्रक्रिया करणे यांचा विचार औषधाने गुण येत नसेल तरच करू, असेही ते म्हणाले.

खरी अडचण ब्रॉन्कोस्कोपीची आहे. बंधूंनी वीस वर्षे विड्या ओढल्या असल्यामुळे श्वासनलिकेत गाठीचा अडथळा नाही ना, हे दुर्बिणीने पाहावे असा डॉक्टरांचा आग्रह आहे, पण बंधू भीतीपोटी तयार होत नाहीत. ज्यांनी स्वतः ही तपासणी करून घेतली आहे त्यांनी घशाला बधिरता आणताना आणि नंतर काय त्रास झाला, हे कृपया सविस्तर लिहावे. मी ते त्यांना वाचून दाखवणार आहे. तसेच किडलेले दात काढण्यासाठी गोळ्यांचा क्रम संपेपर्यंत थांबावे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.